खंड पडला तरी उघडणारी फाईल

गेल्या दिवाळीच्या आधी आईच्या समईची फाईल उघडायला बसले आणि ती उघडलीच नाही. दीड वर्षापूर्वी ते काम अर्धवट राहिलं होतं. मध्ये बँकेतली बदली झाली, मुलाची दहावी झाली, आणि हळूहळू त्या फोल्डरकडे जाणंच थांबलं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये समई घडवली होती त्याची वर्गणी मी तेव्हा बंद केली होती. फाईल माझ्याच हार्ड डिस्कवर होती, तिच्यातली एकेक रेघ मी ओढलेली होती. पण ती उघडणारा प्रोग्रॅम आधी अख्ख्या वर्षाचे पैसे मागत होता, आणि मला तर फक्त खांब थोडा उंच करायचा होता आणि त्यावरच्या कड्या जरा जाड करायच्या होत्या.

थ्रीडी चित्रांचा नाद असलेल्या पुष्कळांवर ही वेळ येते. मग शोध सुरू होतो, की याच्याऐवजी परवडेल असं काय आहे? बहुतेक सल्ले किंमत आणि सोयी शेजारी शेजारी ठेवून दिले जातात. गेलं वर्षभर मी बरीच सॉफ्टवेअर उतरवून घेतली, त्यांत तीच समई पुन्हा पुन्हा घडवून पाहिली, आणि माझी खात्री झाली की हौशी माणसाने त्याच्याही आधी एक गोष्ट विचारायला हवी. आपलं काम खंड पडत पडत होतं. मे महिन्यात चार रात्री सलग, मग गणपतीपर्यंत काहीच नाही. दोन वर्षांनी परत आले तर ही फाईल उघडेल का, आणि उघडली तर तिच्यात हात घालता येईल का? मी सगळी सॉफ्टवेअर याच प्रश्नावर तपासली आहेत.

वर्गणीची पद्धत स्टुडिओला सोयीची आहे. तिथे दहा-दहा तास काम चालतं आणि वर्गणी त्या कामातूनच निघते. हौशी माणूस मात्र न वापरलेल्या महिन्यांचेही पैसे भरतो. थ्रीडीएस मॅक्स आणि माया बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने २०१६मध्ये कायमची लायसन्स विकणं थांबवलं. यांपैकी एखादं घ्यायचं तर अमेरिकेतल्या दराने वर्षाला दीड हजार डॉलरच्या वर जातात. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलेल्या एकट्या कलाकारासाठी त्यांची 'इंडी' वर्गणी बरीच स्वस्त आहे, पण तीही वर्गणीच. सिनेमा फोरडी बनवणारी मॅक्सॉन कंपनी २०१९मध्ये त्याच वाटेला लागली. सगळ्यांत जास्त हळहळ झाली ती झेडब्रशची. ते एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या वर्षानुवर्षं फुकट मिळत, आणि त्या शब्दावर विसंबून अनेकांनी पैसे साठवून ते घेतलं होतं. २०२१च्या अखेरीस मॅक्सॉनने झेडब्रश घेतल्याचं जाहीर झालं, मग वर्गणी आली, आणि पुढे कायमचं लायसन्स मिळणंही बंद झालं.

पैसे भरत राहिलो तरी सॉफ्टवेअर टिकेलच असं नाही. 'ज्युरासिक पार्क'मधले डायनासोर हलवायला वापरलेलं सॉफ्टइमेज ऑटोडेस्कने २००८मध्ये विकत घेतलं आणि २०१५ची आवृत्ती ही शेवटची ठरवली. ट्रूस्पेस हे हौशी लोकांचं लाडकं सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टने २००८मध्ये त्याची कंपनी घेतली, सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट दिलं, आणि पुढच्याच वर्षी ते बंद केलं. निसर्गदृश्यांसाठी नावाजलेलं व्ह्यू २०२४मध्ये असंच आधी थांबलं आणि मग फुकट झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फाउंड्री कंपनीने मोडोचा विकास थांबवत असल्याचं सांगितलं. मोडोत वीस-वीस वर्षं हात बसलेली माणसं होती.

म्हणून 'फुकट' हा शब्द जरा जपून वाचावा लागतो. कंपनीने आपल्या मर्जीने दिलेलं फुकट वेगळं आणि लायसन्सनेच कायम मोकळं केलेलं फुकट वेगळं. फ्यूजन ३६० घरगुती वापरासाठी मोफत होतं, अजूनही आहे, पण २०२०मध्ये त्या मोफत वापरावर एका वेळी फक्त दहा फाईलींवर काम करण्याची मर्यादा आली. स्केचअपची एक मोफत आवृत्ती 'मेक' नावाने संगणकावर बसवता यायची. इंटिरिअरचं काम करणाऱ्या कितीतरी जणांनी त्यावरच हात बसवला. २०१७नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही, आणि मोफत स्केचअप ब्राउझरमध्ये गेलं. हुडिनीची अप्रेंटिस आवृत्ती मोफत आहे आणि शिकायला उत्तम, पण तिच्या रेंडरवर, म्हणजे तयार होणाऱ्या अंतिम चित्रावर, शिक्का उमटतो आणि ती व्यावसायिक कामाला चालत नाही. यात फसवणूक नाही, अटी उघडपणे लिहिलेल्या असतात. पण अट बदलण्याचा हक्क आपल्याकडे नसतो, एवढं लक्षात ठेवून तिथे मन गुंतवावं.

या सगळ्यातून माझ्या कसोटीवर ठामपणे उभं राहतं ते ब्लेंडर. ते का उभं राहतं हे समजून घ्यायला त्याची २००२ची हकिकत ठाऊक असायला हवी. नेदरलँड्समधल्या टॉन रोझेनडाल यांनी १९९४मध्ये आपल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या वापरासाठी ब्लेंडर लिहायला घेतलं. पुढे त्यासाठी वेगळी कंपनी काढली, तिच्यात गुंतवणूकदार आले, आणि २००२मध्ये ती कंपनी बुडाली. इथपर्यंतची गोष्ट ट्रूस्पेससारखीच आहे. पण रोझेनडाल यांनी गुंतवणूकदारांशी बोलणी करून एक किंमत ठरवली: १ लाख युरो. तेवढे जमले तर सगळा कोड मोकळा करायचा. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत ती रक्कम उभी केली, आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर जीपीएल या मुक्त लायसन्सखाली बाहेर आलं. गावाने वर्गणी काढून विहीर खणावी तसं झालं, आणि ती विहीर आता कुणा एकाच्या सातबाऱ्यावर चढू शकत नाही. उद्या ब्लेंडर फाउंडेशन बंद पडलं तरी आज माझ्याकडे असलेली प्रत कायदेशीर राहील, चालेल, आणि दुसरं कुणीही तिचं काम पुढे नेऊ शकेल.

पुष्कळ वर्षं ब्लेंडरची ख्याती 'फुकट पण अवघड' अशी होती, आणि ती खोटी नव्हती. वस्तू निवडायला उजवं बटण दाबावं लागायचं आणि पडदा बटणांनी गच्च भरलेला असायचा. जुलै २०१९मध्ये २.८० आवृत्ती आली आणि चित्र पालटलं. डावं बटण आलं, मांडणी मोकळी झाली, आणि इव्ही नावाचं रेंडर इंजिन आलं, ज्यात उजेड-सावल्या काम करता करताच दिसतात. त्याच महिन्यात एपिक गेम्सने १२ लाख डॉलरची मदत जाहीर केली. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी ब्लेंडरमध्ये बनवलेल्या 'फ्लो' या एकाही संवादाविना चालणाऱ्या चित्रपटाला मार्च २०२५मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा त्या जुन्या ख्यातीतला उरलासुरला भागही गेला असं मला वाटतं.

आता समईकडे येते, कारण बदलताना नक्की काय हरवतं ते तिच्यावर नीट दिसतं.

समई ही लेथवर कातल्यासारखी वस्तू आहे. थ्रीडीत ती घडवताना अर्ध्या बाजूची कडा तेवढी काढायची: पसरट तळ, वर चढणारा खांब, त्याच्या कड्या, तेलाची वाटी. माझ्या कडेला ४० बिंदू होते. ही कडा मधल्या आसाभोवती ६४ टप्प्यांत फिरवली की पूर्ण गोल समई उभी राहते. वाटीला पाच वातींच्या चोची हव्यात, तर एकच चोच घडवायची आणि ती ७२ अंशांवर पाच वेळा मांडायची. मूळ फाईलमध्ये ही सगळी कृती जिवंत असते. कडेवरचा एक बिंदू सरकवला की अख्खी कडी जाड होते. एक चोच बदलली की पाचही बदलतात.

नशिबाने मी कधीतरी प्रिंटिंगसाठी त्या समईची ओबीजे फाईल काढून ठेवली होती. ओबीजे कुठेही उघडते. ब्लेंडरमध्ये समई आली तेव्हा मला खरोखर आनंद झाला. आकार जसाच्या तसा होता. पण आता ती कडा उरली नव्हती. त्याऐवजी ४० गुणिले ६४, म्हणजे २,५६० सुटे बिंदू होते आणि पाच वेगवेगळ्या चोची. खांब उंच करणं जमलं, वरचे सगळे बिंदू एकदम निवडून वर सरकवले. कड्यांची गोलाई बदलताना मात्र हात टेकले. पितळेचं मटेरियलही आलं नाही, राखाडी मातीसारखी समई समोर आली.

कुठल्याही बदलात हेच घडतं. ओबीजे, एफबीएक्स, जीएलटीएफ हे वस्तू नेणारे टेम्पो आहेत. त्यांतून आकार जातो, टेक्स्चर बसवायची घडी जाते, एफबीएक्स आणि जीएलटीएफमधून हाडं आणि हालचालही बऱ्यापैकी जाते. वस्तू कशी घडवली याची कृती मागेच राहते. मॅक्सची मूळ फाईल ब्लेंडर उघडू शकत नाही. म्हणून वर्गणी संपायच्या आत, सॉफ्टवेअर चालू असतानाच, आपली सगळी कामं या फॉरमॅटांत काढून ठेवावीत, आणि जिथे अशी कडा असेल तिथे ती कडाही वेगळी वस्तू म्हणून काढावी. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी मी ती समई ब्लेंडरमध्ये पहिल्यापासून घडवली. दीड तास लागला. पहिल्या वेळी दोन रविवार गेले होते. सॉफ्टवेअर बदललं तरी हाताला आलेली समज कुठेच जात नाही, हे त्या संध्याकाळी मनापासून पटलं.

ब्लेंडरच्या फाईली तरी उघडत राहतात का? माझ्या २०१३च्या काही फाईली आजच्या आवृत्तीत उघडतात, आकार शाबूत असतो. पण २.८०मध्ये जुनं अंगभूत रेंडर इंजिन काढून टाकलं गेलं, त्यामुळे तेव्हाची मटेरियल आणि दिव्यांची मांडणी पुन्हा करावी लागते. हा दोष सांगायलाच हवा. त्यावर उपायही आहे. जुन्या सगळ्या आवृत्त्या ब्लेंडर स्वतःच उपलब्ध ठेवतं आणि झिप फाईल उलगडून, इन्स्टॉल न करता, त्या चालवता येतात. २.७९ आणि आजची आवृत्ती एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदतात. २०२०पासून वर्षाला एक एलटीएस आवृत्ती येते, जिच्यात दोन वर्षं फक्त दुरुस्त्या होतात, मांडणी बदलत नाही. खंड पाडून काम करणाऱ्याने तीच धरावी.

मात्र सगळ्यांनी डोळे मिटून ब्लेंडर घ्यावं असं मी म्हणणार नाही, कारण नाद सगळ्यांचा एक नसतो.

मातीत हात घालून मूर्ती घडवल्यासारखं काम, म्हणजे स्कल्प्टिंग, ज्यांना करायचं त्यांना झेडब्रश अजूनही पुढे आहे. कोट्यवधी बहुभुजांचं ओझं ते ज्या सहजतेने पेलतं तसं ब्लेंडर पेलत नाही. पण हौशी मूर्तीला तेवढं ओझं लागतं कुठे? पेणच्या शाडूकामाची ओढ असलेल्या माझ्या एका मैत्रिणीने टॅब्लेटवर नोमॅड स्कल्प्ट घेतलं. एकदाच पैसे भरायचे आणि ते आपलं. पेनाने सोंडेचा वळसा काढताना तिचा हात जसा चालतो तसा माउसवर कधीच चालला नसता. नोमॅड बनवणारे स्टेफान जिनिए यांचंच स्कल्प्टजीएल ब्राउझरमध्ये चालतं आणि पूर्ण मोफत आहे. आपल्याला हा नाद आहे की नाही, हे पाहायला एक दुपार पुरते.

माणसांच्या आकृत्या मांडून दृश्यं उभी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पोझर सोडून ते डॅझ स्टुडिओकडे जातात. डॅझ मोफत आहे, खर्च होतो तो कपडे, केस, चेहरे विकत घेण्यात, आणि तो कसा वाढत जातो ते कळत नाही. दोन वर्षांत लायब्ररी एवढी मोठी होते की सोडून जाणं जड पडतं. मेकह्यूमन हा मुक्तस्रोत पर्याय त्या मानाने साधा आहे, चेहरे तेवढे जिवंत वाटत नाहीत, पण त्यातून काढलेली आकृती कुठेही, कशालाही वापरायला मोकळी आहे. नऊवारी मात्र दोन्हीकडे आपल्यालाच नेसवावी लागते.

मोजमापाच्या कामाला, यंत्राचे भाग, डबे, थ्रीडी प्रिंटरसाठी खटके, ब्लेंडर हे चुकीचं हत्यार आहे. तिथे फ्रीकॅड घ्यावं. त्याची १.० आवृत्ती यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला, काम सुरू झाल्याला वीस वर्षं उलटून गेली होती, आणि शिकायला ते अजूनही खडबडीत आहे. तरी मिलिमीटरचा दशांशही न सोडणारं आणि खरोखर आपलं राहणारं दुसरं मोफत साधन मला दिसलेलं नाही. लहान मुलांना टिंकरकॅड द्यावं. जुन्या, कमी ताकदीच्या लॅपटॉपवर ब्लॉकबेंच आणि मॅजिकाव्हॉक्सेल ही दोन मोफत साधनं छान चालतात. ठोकळ्यांच्या चित्रांना एक वेगळाच गोडवा असतो.

टेक्स्चर रंगवण्यात ब्लेंडर कमी पडतं. अ‍ॅडोबीने २०१९मध्ये घेतलेल्या सबस्टन्सच्या जवळ जाईल असं मोफत काही नाही. मटेरियल मेकर चांगलं आहे, आर्मरपेंट स्वस्त आहे. मी स्वतः बहुतेक वेळा पॉली हेवन आणि अँबियंटसीजी इथून दगड, लाकूड, पितळेची तयार टेक्स्चर घेते. ती सीझीरो लायसन्सखाली असतात, श्रेय देण्याचंही बंधन नाही. देणाऱ्यांनी अगदी हात आखडता न घेता दिलेलं हे धन आहे, आणि त्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

एक अडचण आपल्यासारख्या देवनागरी लिहिणाऱ्यांना येते. समईच्या तळावर 'सप्रेम भेट' कोरलेलं आहे, लग्नात आलेल्या भांड्यांवर असतं तसं. ब्लेंडरच्या मजकुराच्या सोयीत मी ते टाकलं तेव्हा 'प्र' फुटून 'प' आणि 'र' सुटे झाले. जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणा तिथे चालत नव्हती. बऱ्याच खटपटीनंतर वाट सापडली. इंकस्केपमध्ये मजकूर टाइप करायचा, तो 'पाथ'मध्ये बदलायचा, एसव्हीजी म्हणून जतन करायचा आणि ब्लेंडरमध्ये आणायचा. अक्षरं मग नुसते आकार असतात, त्यांना जाडी देता येते, पितळेत कोरता येतात. थ्रीडीत देवनागरी अक्षरं घडवणाऱ्या प्रत्येकाला ही वाट ठाऊक असायला हवी, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

मशीनचं काय? माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम आठ जीबी आहे. आजच्या ब्लेंडरला लागतं त्याच्या हा अगदी काठावर. घडवण्याचं काम चालतं. सायकल्स इंजिनने रेंडर लावलं तर रात्रभर चालतं, म्हणून मी किरणांची संख्या कमी ठेवते आणि शेवटी दाणे पुसणारा डीनॉइझर लावते. अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांसाठी शीपइट नावाची सोय आहे. आपला संगणक रिकामा असताना इतरांची रेंडर करायची, त्याच्या बदल्यात आपलं रेंडर इतरांच्या संगणकांवर होतं. शेतकरी पेरणीला सावड करतात, तशीच ही. सॉफ्टवेअरवर वाचलेले पैसे साठवून कधीतरी ग्राफिक्स कार्डाचा संगणक घ्यावा, हौशी माणसाचा खर्च खरा कारणी लागतो तो तिथे.

शिकण्याचं साहित्य इंग्रजीत अमाप आहे, हिंदीत बरंच, मराठीत फार थोडं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ब्लेंडरचे धडे आहेत, पण ते २.८०च्या आधीच्या मांडणीवरचे, त्यामुळे नवशिक्याची वाट चुकते.

क्रॅक केलेल्या प्रतींबद्दलही लिहिते, कारण क्लासमध्ये मॅक्स शिकलेल्या कितीतरी मुलांनी घरी तेच केलेलं मी पाहिलं आहे. तो परवडणारा पर्याय नाही. त्या प्रतींबरोबर व्हायरस येतो, विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर प्रत चालेनाशी होते, आणि कधी चार पैसे देणारं काम आलंच तर ते त्या प्रतीवर उजळ माथ्याने करता येत नाही. ज्यांना स्टुडिओत नोकरीच करायची आहे त्यांनी माया शिकावी. विद्यार्थ्यांसाठी तिचं शैक्षणिक लायसन्स मोफत मिळतं. त्या मुलांना मी ब्लेंडरचा आग्रह करत नाही, कारण पुष्कळ स्टुडिओंची कामाची साखळी अजूनही मायाभोवतीच विणलेली आहे.

माझ्या समईचं फोल्डर आता असं आहे: ब्लेंडरची फाईल, मूळ कडेची वेगळी प्रत, 'सप्रेम भेट'ची एसव्हीजी, पितळेचं टेक्स्चर, आणि ज्या एलटीएस आवृत्तीत हे सगळं केलं तिची झिप. एका पेनड्राइव्हवर हे सगळं मावतं. मार्चमध्ये शाखेतलं वर्षअखेरीचं काम सुरू होईल आणि दोन-तीन महिने मी तिकडे फिरकणार नाही. वरच्या शिखराच्या जागी मोर करायचा राहिला आहे. तो मे महिन्यात करेन.